आक्काची उलटी प्रदक्षिणा

फोन आला तेव्हा मी डोक्यावर मेंदी थापून, खांद्यावर जुना टॉवेल टाकून भिसेगावच्या घरात बसले होते. "शैले, तुझी आक्का आपल्याला सोडून गेली गं," भावोजी म्हणाले, आणि मी म्हणाले, "थांबा, डोकं धुऊन येते." सख्ख्या बहिणीच्या जाण्यावर मला सुचलेलं हे पहिलं वाक्य. धुणंही धड झालं नाही. कुंभिवलीला आक्काच्या घरी पोचले तेव्हा कानामागून मेंदीचे ओघळ येत होते आणि लोक माझ्याकडे बघून नजर वळवत होते. आक्का असती तर म्हणाली असती, "काय गं, मला पोचवायला आलीस का कुणाच्या हळदीला?" तिचं ते वाक्य मला इतकं स्पष्ट ऐकू आलं, की मी रडायचं सोडून हसले... आणि मग जे रडू फुटलं ते काही आवरेना.

आदल्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. ती नेहमीसारखी पोहण्याच्या टाकीच्या काठावर, लांब दांड्याचा ब्रश घेऊन भिंती घासत होती. मला बघताच तिने काम सांगितलं. "पुढच्या खेपेला नवा ब्रश घेऊन ये. ह्यो पार लोळलाय. पण निवडून आण हां, तुझी खरेदी मला ठावं हाय." मी हो म्हणाले आणि चहा पिऊन निघाले. तिने मला सांगितलेलं हे शेवटचं काम.

घराच्या दोन खोल्या सुट्टीत येणाऱ्या मुंबईकरांना द्यायच्या असं ठरलं, तेव्हा भावोजींनी खळ्याच्या जागी ही टाकी बांधून घेतली. जिथे भात झोडायचा तिथे निळ्या टाइल आल्या. पाहुणे तिला पूल म्हणत, आम्ही टाकीच म्हणत राहिलो. पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतींवर हिरवा थर चढला आणि आक्काने घासायला काय घेऊन यावं? म्हशी धुवायचा काथ्या! "म्हस एवढी काळी, ती चकाकते, तर टाइल का नाय?" काथ्याचे तंतू सुटले, फिल्टर तुंबला आणि शनिवारी पाहुणे आले तेव्हा पाणी बिनदुधाच्या चहासारखं दिसत होतं. एक बाई शांतपणे विचारत्या झाल्या, "हे आयुर्वेदिक आहे का?" आक्का तितक्याच शांतपणे म्हणाली, "हो."

मग तिने गेटचा गंज खरवडायचा तारेचा ब्रश लावला. हिरवं गेलं, पण टाइलच्या जोडांतलं पांढरं सिमेंटही गेलं आणि तुटलेल्या तारांचे तांबूस डाग राहिले ते आजही आहेत. तेव्हापासून ब्रश निवडणं हे तिने फारच मनावर घेतलं. कर्जतच्या बाजारात चाचांचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथे ती एकेक नायलॉनचा ब्रश उचलायची आणि मनगटाच्या वर, आतल्या कातडीवर ओढून बघायची. "पांढरी रेघ उठाया पायजे, पण झोंबाया नको. पोरं उघड्या अंगानं त्या भिंतींना घासत्यात." मग टोकं वर वळलेली आहेत ना, हे बघायचं. नाहीतर कोपऱ्यात हिरवं उरतं. चाचा हसायचे, "आक्का, ब्रश घेताय का जावई?" "जावई परत करता येत नाय चाचा," ती म्हणायची आणि पुढचा ब्रश उचलायची.

आक्का डावखुरी. दांडा डाव्या हातात, टाकी डाव्या अंगाला, असा ती ब्रश भिंतीवरून ओढत काठाने चालायची. आठवड्यातून दोनदा तरी तिची ती फेरी असायचीच. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले भावोजी टोमणा मारत, "उलटी प्रदक्षिणा घालतीस, देव पावायचा नाय." ती न थांबता म्हणे, "तुमी पावलात तेवढं पुरं हाय." स्वतः मात्र ती कधी पोहली नाही. काम झालं की वरच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायची, बस्स.

ती गेली आणि भावोजींनी पाहुण्यांना नाही म्हणायला सुरुवात केली. खुर्चीसुद्धा ओट्यावरून मागच्या दारी नेली. महिन्याभराने मी गेले तेव्हा टाकी शेवाळली होती. "पाणी खाचरात सोडतो," ते म्हणाले, "आणि वर माती टाकून काकडी लावतो." मला काकडीचा राग आला. आतल्या खोलीत आक्काचा हार घातलेला फोटो होता, त्यात ती लग्नाला निघाल्यासारखी परकी दिसत होती. मला माझी बहीण त्या काठावरच हवी होती. काठ बुजला तर मी तिला बघायला कुठे जाणार होते?

म्हणून मी ब्रश आणायला गेले. चाचांनी ब्रश पुढे मांडत विचारलं, "आक्का नाय आल्या? तब्येत बरी हाय ना?" त्यांना कळलंच नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. मग एकेक ब्रश माझ्याकडे सरकवला आणि मी बाही वर करून मनगटावर ओढत राहिले... पांढरी रेघ बघत.

कुंभिवलीला येऊन दांड्यातून जुना ब्रश काढायला गेले, तर मागून आवाज आला, "त्यो काडू नको." भावोजी मागच्या दारात उभे होते. दांडा एकच. मग नवा ब्रश बाजूला ठेवला, साडी खोचली आणि उजव्या हाताने जुन्यानेच घासू लागले. ब्रश काही केल्या भिंतीला बसेना. अडखळायचा, उड्या मारायचा, मागे हिरवे पट्टे राहायचे. दोनदा मीच पाण्यात जाता जाता वाचले. मला वाटलं, ही आक्काच आहे, तिला माझं काम कधी पसंत पडलंय?

"तसं नाय गं," भावोजी ओट्यापर्यंत आले होते. "त्याची केसं एका अंगाला पडल्यात. ती चालायची तशी चाल. उलटी."

मी दांडा डाव्या हातात घेतला, टाकी डाव्या अंगाला घेतली. हात अवघडला, पाय एकमेकांत अडकले, पण ब्रश गप्पकन भिंतीवर टेकला आणि सरकत निघाला. हिरव्यातून निळं वर येऊ लागलं. भावोजींनी मागच्या दारची खुर्ची उचलून ओट्यावर आणली.

"जरा हळू," ते म्हणाले. "ती कोपऱ्यावर थांबायची."

काकडीचं नाव त्यानंतर निघालेलं नाही. नवा ब्रश वेष्टनासकट स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेला आहे. जुना आता किती दिवस टिकेल कोण जाणे, दर खेपेला दोन-चार केस पाण्यावर तरंगताना दिसतात. मी शनिवारी जाते, डाव्या हाताने उलटी फिरते, आणि कोपरा आला की थांबते. आक्का तिथे का थांबायची ते भावोजींना ठाऊक नाही, मलाही नाही. मी आपली थांबते.