निजणाऱ्याला विचारलं नाही

मावशी आजाऱ्याला बघायला आली, की आधी त्याला खुर्चीत बसवायला लावायची आणि त्याच्या खाटेवर स्वतः आडवी व्हायची. मग पडल्या पडल्या घरच्यांना विचारायची, "तुमी इथं निजून पाह्यलं का?"

कुणीच पाहिलेलं नसायचं.

पुसदला आमच्या गल्लीत ती एकटी राहायची; सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. आयुष्यभर दवाखान्यात आया होती. मी घरांचे नकाशे काढतो. म्हणून बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांची खोली मीच हौसेने सजवली. पांढऱ्या भिंती, छतात दिवे, धूळ नको म्हणून कायमची बंद काच. तुम्ही पाहिली असती तर तुम्हीही मला शाबासकी दिली असती.

त्या खोलीत बाबांनी खाणं सोडलं. चमचा नेला की दात घट्ट. डॉक्टर म्हणाले, "गिळता येतंय, पण ते खात नाहीत. उद्या नळी घालावी लागेल." बायकोने मावशीला बोलावलं. मला ते आवडलं नव्हतं.

मावशी खाटेवरून उठली ती डोळे चोळतच.

"भाऊ, दिवा सीधा डोयात घुसते. दार डोक्यामागं, कोन आलं समजत नाही, मानूस दचकते. वास निस्ता फिनाइलचा. याइले आपलं घर हाय असं वाटन कसं?"

"मावशी, मी विचार करूनच केलंय सगळं!"

"नकाशा चांगला हाय तुमचा. निजनाऱ्याले इचारलं नाही, एवढंच."

मी खाटेचं एक टोक धरलं. आम्ही खाट बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोर ओढली. तिथली रस्त्याकडची खिडकी उघडली. मावशीने बाबांच्या चांगल्या हाताखाली त्यांची जुनी घोंगडी सरकवली. आत बायकोने वरणाला लसणाची फोडणी दिली, आणि बाबांनी मान वळवली.

मावशीने त्यांना उशांच्या आधाराने ताठ बसवलं. अर्धा चमचा वरण ओठांशी नेलं. दात उघडले. घास तोंडातच राहिला. मग खोकला आला, चेहरा लालबुंद झाला. मी धावलो. मावशीने हात आडवा घातला.

"थांबा!"

खोकला ओसरला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. बाबांनी पुन्हा तोंड उघडलं.

मावशी चहालाही थांबली नाही.

बाबा काठीवर चालू लागले तोवर ती राळेगावला लेकीकडे राहायला गेली होती. तिथेच ती वारली. आम्हाला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. मी बाबांना सांगितलं. ते दारापर्यंत गेले, काठी भिंतीला टेकवली. उजवा हात वर येत नव्हता. डाव्या हाताने तो उचलून त्यांनी छातीशी आणला आणि दोन्ही हात जोडले.