रूथचा हेवा

चर्चमध्ये माझी धाकटी बहीण रूथ पुढच्या बाकावर डोळे मिटून गात होती. नवरा तिला सोडून गेला, त्याला वर्षही झालं नव्हतं. माझाही संसार असाच मोडलेला. गाताना मी अजून मध्येच थांबते आणि तिचा आवाज मात्र इतका मोकळा. माझा अगदी जळफळाट झाला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुला त्याचा राग येत नाही?"

"येतो ना, ताई. रोज येतो. मग प्रभूपाशी रडते आणि म्हणते, हा राग तू सांभाळ, मला भाकऱ्या टाकायच्यात."

मीही तीच प्रार्थना करते. फक्त आमेन म्हटलं की राग उचलून परत घरी आणते. आमचा प्रभू एकच आहे, पण त्या दिवशी तो मला तिचाच जास्त वाटला.