चौतिसाव्या पातळीचं कासव
रिमोटमधले फुटलेले सेल काढताना तो आंबूस वास आला आणि इस्लामपूरच्या मामाच्या घराचा पुढचा सोपा आठवला. फौजेतल्या धाकट्या मामाने मामेभावाला हातात धरून खेळायचा, सेलवर चालणारा व्हिडिओ गेम आणला होता. त्यात प्राणी पकडून लढवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुष्काळी आटपाडीहून आलेल्या मला दुपारी एकच तास मिळे. तेवढ्यात, एकोणीस दिवसांत, मी पाण्याच्या जातीचं एक कासव चौतिसाव्या पातळीपर्यंत वाढवलं. "आटपाडीची न्हवं, पाणी दिसलं की धरून बसणारच," मामेभाऊ हसायचा. आगीच्या प्राण्यांच्या ज्या सरदारापुढे तो सहा वेळा हरला होता, त्याला माझ्या कासवाने चार फवाऱ्यांत लोळवलं. मामेभावाने गेम हिसकावला, माझ्याकडे बघत कासव सोडून दिलं आणि लगेच सेव्ह केलं. सोडलेला प्राणी परत मिळत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. "आता जा तुज्या दुष्काळात," तो म्हणाला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. मामींनी मलाच दटावलं. परवा त्याच्या वास्तुशांतीला त्यानंच विचारलं, "आक्का, अजून राग हाय व्हय?" मी "हाय" म्हणाले आणि पंगतीत जाऊन बसले.