पुढच्या वर्षीचे नंबर

लीड्समधल्या आम्हा मराठी डॉक्टरांची रविवारची बास्केटबॉल लीग म्हणजे चार टीम, भाड्याने घेतलेला स्पोर्ट्स सेंटरचा हॉल आणि चाळिशी उलटलेले गुडघे. दर सप्टेंबरात नव्याने ड्राफ्ट होतो: आम्ही चार कॅप्टन यादीतून आळीपाळीने एकेक खेळाडू उचलतो. आपला नंबर, म्हणजे उचलायची पाळी, दुसऱ्या कॅप्टनला देता येतो, त्याचा घेता येतो, अगदी पुढच्या वर्षीचासुद्धा. हा नियम मीच आणला, त्यामुळे आता रडायचं कुणापाशी?

माझी टीम कायम तळाला. अमेरिकेतले क्लब अशा वेळी काय करतात ते मी वाचलं होतं. टीम नव्याने उभारायची तर आजचा चांगला माणूस देऊन टाकायचा आणि बदल्यात येत्या वर्षांचे नंबर साठवायचे. दहा पोरांत एखादाच हिरा निघतो, म्हणून नंबर जितके जास्त तितकं बरं. मला हे अजूनही पटतं, हीच पंचाईत आहे.

देण्याजोगा माणूस माझ्याकडे एकच होता. साठीला टेकलेले, नागपूरचे, हाडांचे डॉक्टर. मी या देशात आलो तेव्हा पहिला महिना त्यांच्याच घरी जेवलो. या खेळात मला त्यांनीच ओढलं. त्यांचं पळणं संपलं होतं, पण बास्केटखाली चेंडू हातात आला की तो आतच. त्यांना मी दुसऱ्या टीमला देऊन टाकलं आणि त्या टीमचे पुढच्या वर्षीचे पहिले दोन नंबर घेतले.

"मला दिलंस होय रे?" ते हसले. "बरं. नेक्स्ट इयर परत घे. नंबर आहेत ना तुझ्याकडे."

"घेणारच, सर."

पुढच्या सप्टेंबरात ते गुडघ्याला पट्टा बांधून पुढच्याच खुर्चीत बसले होते. यादीत पुण्याहून आलेला सहा फूट चार इंचांचा रजिस्ट्रार, म्हणजे ट्रेनिंगमधला डॉक्टर, होता. मी त्याला उचललं. माझा दुसरा नंबर आला तेव्हा सरांनी मान वर केली. तो नंबर मी देऊन टाकला, त्याच्याही पुढच्या वर्षीच्या दोन नंबरांसाठी. सरांना कोणीतरी अगदी शेवटी घेतलं. मला लाज वाटली, पण सौदा मोडावासा काही वाटला नाही.

फेब्रुवारीत तो उंच पोरगा रोटेशनवर शेफिल्डच्या हॉस्पिटलात बदलून गेला. रजिस्ट्रार एका गावात टिकत नाहीत, हे डॉक्टर असून मला कळू नये? तेलही गेलं, तूपही गेलं.

यंदाच्या सप्टेंबरात पहिल्या दोन फेऱ्यांतच माझ्याकडे चार नंबर आहेत, आणि खरं सांगू, या सगळ्याचा शीण आलाय. रजा, भारतात आईकडे जाणं, सगळं मी असंच पुढे ढकलत आलो.

परवा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सरांना गाठलं. "सर, या वेळी पहिला नंबर तुमच्यासाठी. शब्द देतो."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"नी रिप्लेसमेंटची डेट आलीय. नेक्स्ट एप्रिल. देन आय ॲम डन," ते म्हणाले. "कोणीही घेऊ दे, शेवटी घेऊ दे. तू नको घेऊस. तुझी टीम नेहमी पुढच्या वर्षी खेळते. मला या वर्षी खेळायचंय रे."