चंद्राबाईंच्या तोंडातलं माहेर

मार्गासनीच्या चंद्राबाईंचं माहेर तिकडं भोरकडच्या हिर्डस मावळ खोऱ्यातलं. त्यांचं लग्न झालं आणि मागोमाग गाव धरणात गेलं. घर गेलं, देऊळ गेलं, भाऊबंद दौंडकडं पांगले. माहेरचं म्हणून उरली ती बोली, आणि नवरा तीही कबूल करायला तयार नाही! "आमचं पानी पिऊन पिऊन ती कवाच हितली झालीया," असं सोनबा चारचौघांत म्हणायचे. बाईंच्या ते जिव्हारी लागायचं.

म्हणून बोलींचा अभ्यास करणारी भोरची मैथिली लॅपटॉप घेऊन आली आणि माणूस कुठल्या खोऱ्यातलं ते हा नुसत्या बोलण्यावरून ओळखतो म्हणाली, तेव्हा बाई हातातलं काम टाकून पुढ्यात येऊन बसल्या. गावोगावच्या लोकांचं बोलणं ऐकवून तिनं त्याला शिकवलं होतं. "चुकतोही कधीकधी," ती म्हणाली, पण ऐकतंय कोण! अंगणात जत्रा भरली.

"मावशी, काहीही बोला."

आता आपल्याकडं बाईमाणसापुढं माइक धरल्यावर काय निघणार? उखाणा! बाईंनी पदर सावरला आणि बचत गटाच्या मेळाव्यात घेतात तसा, अगदी शाळेतल्या बाईंसारखा शुद्ध उखाणा ठोकला. पडद्यावर उमटलं: पुणे शहर.

एकच हशा पिकला. सोनबांना तर चेव चढला. "आता फ्लॅटच बगा तिकडं! अगं, तुजं माहेर बुडालं, बोलीबी बुडाली. सोड की नाद."

झालं! बाई उसळल्या. रेकॉर्डिंग बंद करायला गेलेला मैथिलीचा हात तसाच राहिला.

"बुडालं म्हनं! तोंड सांबाळा! आमच्या दारात जावई म्हून मिरवला, आयनं ताटावरनं उटू दिलं न्हाई, त्ये इसरला व्हय?" आणखीही बरंच होतं, एका दमात.

मैथिलीनं तेवढाच तुकडा मशीनला दिला. पडद्यावरचं चाक क्षणभर फिरलं आणि आलं: हिर्डस मावळ!

"मावशी, आलं!" पोरगी उडीच मारायची बाकी होती. सोनबांचं तोंड बघण्यासारखं झालं, पण हसू त्यांनाही आवरेना.

बाईंचं मात्र पडद्याकडं लक्षच नव्हतं. "त्ये ऱ्हाऊ दे. माजं बोलनं परत लाव बगू."

लावलं. भांडतानाचा आपला आवाज बाहेरून कोण कधी ऐकतं? दुसऱ्याच वाक्याला त्यांनी मैथिलीचं मनगट घट्ट धरलं.

"अगं, ही मी न्हाई! ही माजी आय भांडतीया!"