दवातली कवायत

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. कुणाबद्दल लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, ठाऊक नाही. चुकलं तर माफ करावं.

दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात राजूरच्या एका वसतिगृहात आम्हा मुलांच्या पायांची बोटं जांभळी होऊन सुजली. रेक्टर म्हणाले, खरूज आहे, आणि गंधकाचं मलम दिलं. आम्ही रोज पहाटे दवात अनवाणी कवायत करायचो आणि लगेच शेकोटीवर पाय धरायचो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई राहुरीकडच्या होत्या. माणूस समोर आला की त्या आधी त्याच्या पायांकडे बघायच्या आणि आमच्याशी आमच्याच बोलीत बोलायच्या. माझं बोट चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "शेकलं की जास्त खाजतं ना रे?"

"व्हय बाई, लई."

"ही खरूज न्हाई, थंडीनं सुजलंय. पाय कोरडे कर, घोंगडीत गुंडाळ. शेकोटीला लावलास तर बघ!"

दुसऱ्या दिवशी कवायतीच्या वेळी त्या थेट मैदानावर आल्या. "पोरांनो, व्हरांड्यात चला."

रेक्टर तडकले, "बाई, ही शिस्त आहे!"

"मग तुम्हीही बूट काढा, सर."

त्यांनी काढले नाहीत. "तुमची बदली करवीन," म्हणाले.

"करवा. तिथल्या पोरांनाही पाय असतीलच."

आमचे पाय बरे झाले आणि बाईंची बदलीही झाली. संगमनेरला कॉलेजात आल्यावर मी पुष्कळांना विचारलं, पण त्या कुठे आहेत ते कळेना. परवा एका मित्राने सांगितलं: त्याच्या गावच्या शाळेत यंदा कवायत ऊन आल्यावर होते, वहाणा घालून. नव्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे म्हणे.