बावीस किलोचा व्यसनासुर

बावीस किलोचं ओझं बारा किलोचं आहे असं सांगून मी ते माझ्या मित्राच्या पाठीवर चढवलं. ही नजरचूक होती असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण किराणा दुकानाच्या काट्यावर वजन मीच केलं होतं, आकडा मीच वाचला होता आणि दुकानदाराला "कुणाला बोलू नका" असंही मीच म्हणालो होतो. नजरचुकीला एवढी तयारी लागत नाही.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. निरवांगीच्या आमच्या गणपती मंडळानं विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर जिवंत देखावा करायचं ठरवलं. विषय व्यसनमुक्ती. मधे चिलखत घातलेला व्यसनासुर उभा राहणार, त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी तोंडं, आणि प्रत्येक तोंड म्हणजे एक व्यसन. मी बारामतीच्या आयटीआयमधून वेल्डिंग शिकून इंदापुरात एका वर्कशॉपमध्ये लागलो होतो, त्यामुळे ती तोंडं बसवायचा पाठीवरचा सांगाडा माझ्याकडे आला. राक्षसाचं काम माझ्या मित्राकडे आलं, कारण गावात एवढा उंच आणि रुंद माणूस दुसरा नव्हता. त्यानं उभ्या जन्मात सुपारीही खाल्ली नव्हती. तो नको नकोच म्हणत होता. मीच त्याला भरीला घातलं.

चिलखत गोड्या तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून केलं आणि त्याला चंदेरी रंग दिला. सांगाड्याला मोडक्या खाटेच्या पायपा आणि अँगल वापरले. ॲल्युमिनियम हलकं पडलं असतं, पण मला लोखंडच जोडता येत होतं. कागदाच्या लगद्याची आठ तोंडं केली, चार उजवीकडे, चार डावीकडे: दारू, गुटखा, बिडी, मटका आणि अशीच आणखी. सगळं तोलात बसलं होतं. मग आदल्या दिवशी सरपंच आले आणि म्हणाले, "व्हिडिओ कुठं हाय? माझी दोन्ही पोरं त्या व्हिडिओवरच्या पिक्चरपायी वाया गेली. त्याचं बी तोंड पायजे."

नववं तोंड उजवीकडे लागलं. सांगाडा उजवीकडे कलला. तो सरळ करायला मी डावीकडे पिशवीत घालून दोन विटा टांगल्या. त्यानंतर वजन केलं, ते बावीस.

"किती भरलं?" मित्रानं विचारलं.

"बारा."

तालमीसाठी त्याच्या अंगावर चिलखत चढवलं, त्यावरून सांगाडा नायलॉनच्या दोरीनं दोन्ही खांद्यांवर आवळला. पत्र्याच्या कडा मी दुमडल्या नव्हत्या. रंग सुकायचा होता आणि मला घाई होती.

"काचतंय रं," तो म्हणाला.

"राक्षसाला काचत न्हाय," मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला. ते हसणं आठवलं की अजून मला खाली बघावंसं वाटतं.

मला तेव्हाही माहीत असलेली, पण मी मनावर न घेतलेली गोष्ट आता सांगतो. मिरवणुकीच्याच दिवशी कळसहून त्याच्यासाठी बघितलेल्या मुलीचे वडील त्याला बघायला येणार होते. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. तात्या, म्हणजे तिचे वडील, पूर्वी मेंढरं घेऊन घाटाखाली उतरणाऱ्यांतले. अख्खा संसार घोड्याच्या पाठीवर. आता मेंढरं विकून ऊस लावला होता, पण माणूस पारखायची जुनी रीत सुटली नव्हती. त्यांच्यात पोरगा बघताना त्याला ओझं नीट लादता येतं का ते आधी बघत. मित्राच्या घरची मेंढरं तो रांगत असतानाच गेली होती. त्यानं आयुष्यात घोडा लादला नव्हता.

मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. दारूच्या तोंडाला खरी बाटली हवी म्हणून मी इंदापूरच्या स्टँडमागून एक रिकामी बाटली आणली होती. ती धुवायची राहिली. पहिला अर्धा तास व्यसनासुर झकास डरकाळ्या फोडत होता. मग डरकाळ्या बारीक झाल्या. मारुतीच्या देवळापाशी ट्रॅक्टरवाल्यानं गचका दिला, सांगाड्यानं मित्राला मागं ओढलं आणि तो आधी बसला, मग उताणा झाला. नऊ तोंडं खाली आणि पाय वर. कासवासारखा हातपाय मारत होता, पण उठता येईना. बाटलीतलं उरलंसुरलं त्याच्या मानेवर सांडलं.

लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "बघा मंडळी, व्यसनाचा परिणाम बघा."

पब्लिकला वाटलं, हा देखाव्याचाच भाग. टाळ्या पडल्या. नंतर वास आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "खरंच ढोसलीया की." पाच मिनिटांत ते वाक्य वेशीपर्यंत पोचलं.

आम्ही चौघांनी त्याला खाली उतरवून देवळाच्या ओट्यावर बसवलं. गर्दी बाजूला सारत तात्या आले. त्यांनी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग चिलखत काढायला लावलं. दोन्ही खांद्यांवर दोरीच्या आणि पत्र्याच्या कडेच्या लालभडक खाचा होत्या, डावीकडे जरा रक्तही आलं होतं. तात्यांनी त्यावर बोट फिरवलं, घोड्याच्या पाठीवर फिरवावं तसं.

"ह्यो पिऊन पडल्याला न्हाय," ते म्हणाले. "ह्याला लादून पाडलाय. कुणी बांधलं हे?"

सगळे माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. कुणीच बघितलं नाही. मिरवणुकीआधी बांधताना तिथं आम्ही दोघंच होतो. मित्र मान खाली घालून धापा टाकत होता. आणि मी म्हणालो, "त्यानं स्वतःच बांधलं, तात्या."

मित्रानं वर बघितलं. मग पुन्हा मान खाली घातली.

तात्यांनी बोट धोतराला पुसलं. मग म्हणाले, "सोताच्या पाठीवरचं वझं ज्याला कळंना, त्याच्या हाती लेक द्यायची म्हंजे इचार करावा लागंल." आणि ते कळसला निघून गेले. दारूच्या बदनामीतून तो सुटला, आणि माझ्या एका वाक्यानं पुन्हा अडकला.

दसरा गेला, दिवाळी गेली. कळसहून निरोप येईना. मित्र माझ्याशी पहिल्यासारखाच बोलायचा, हे जास्त अवघड होतं. गावात पोरं त्याला "असुरराव" म्हणायची, तो "व्हय" म्हणून पुढं जायचा.

तुळशीची लग्नं लागली तेव्हा मला राहवेना. मी सांगाडा घेऊन कळसला निघालो. एसटीच्या कंडक्टरनं तो आत घेऊ दिला नाही, टपावर टाकायला लावला. फाट्यावर उतरल्यावर वस्तीपर्यंतची वाट मी तो स्वतःच्या पाठीवर घेऊन चाललो. तोंडं काढायला मला धीर झाला नव्हता, त्यामुळे वाटेतल्या कुत्र्यांनी शेवटपर्यंत सोबत केली. निम्म्या वाटेत मी दोनदा बसलो. दुसऱ्यांदा उठताना मटक्याचं तोंड तुटून बांधात पडलं.

तात्या गोठ्यापाशी होते. नऊऐवजी आठ तोंडं घेऊन आलेल्या माणसाकडे त्यांनी शांतपणे पाहिलं.

"बांधलं मीच होतं, तात्या," मी म्हणालो. "वजन बावीस किलो. त्याला बारा सांगितलं."

त्यांनी सांगाडा माझ्या पाठीवरून उतरवला. घरातून जुनं घोंगडं आणलं, चौपदरी घडी करून माझ्या पाठीवर टाकलं, त्यावर सांगाडा वर सरकवून अंगालगत घेतला आणि घोड्याच्या पोटाला बांधायचा जुना पट्टा माझ्या कमरेला करकचून आवळला. ओझं खांद्यांवरून कमरेवर उतरलं. मी उभा राहिलो, दोन पावलं टाकली. तोच सांगाडा, त्याच विटा, आणि काही काचत नव्हतं.

"एवढंच व्हतं," तात्या म्हणाले. "इचारायचं तरी. लेकीचं माझं मी बघतो. पर मला काय सांगतुस? ज्याच्या पाठीवर घातलं त्याला सांग जा."

सांगाडा तिथंच ठेवून परतलो तेव्हा ऊन कललं होतं. मित्र औषधाचा पंप पाठीवर घेऊन कांद्यावर फवारत होता. मला बघून थांबला नाही. मी वाफ्याच्या कडेनं त्याच्या मागोमाग चालत राहिलो. तोंडासमोर जाण्यापेक्षा पाठीशी बोलणं सोपं वाटलं, पण वाफा संपला आणि तो वळला. आता समोरासमोर आलो होतो.

"वजन बावीस किलो होतं," मी म्हणालो. "मला माहीत होतं. तू काचतंय म्हणालास तेव्हाबी माहीत होतं. आणि तात्यांना मी खोटं सांगितलं. आज खरं सांगून आलो. चुकलो गड्या. माफ कर मला."